एका रात्रीत अकरा कोंबड्या: खुराड्यात नेमकं काय घडतं आणि ते कसं थांबवायचं

गेल्या वर्षी थंडीत एका सकाळी आईने खुराड्याचं दार उघडलं आणि एकही कोंबडी बाहेर आली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरची ही गोष्ट. आत अकरा कोंबड्या मरून पडल्या होत्या. एकच अर्धवट खाल्लेली होती. बाकीच्या दहांच्या मानेजवळ बारीक भोकं, एवढीच खूण. शेजारच्या काकी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "मुंगसाचं काम आहे हे. रक्त पिऊन गेला मेला." आई काहीच बोलली नाही. अंडी देणाऱ्या सगळ्या त्यात गेल्या होत्या.

उसातला बिबट्या बातम्यांत येतो आणि यायलाही हवा. पण वाड्यावस्त्यांवर रोज होणारं हे छोटं नुकसान कुठेच नोंदलं जात नाही. ते छोटं नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात कोंबड्या-बदकांसारखे सुमारे ८५ कोटी पाळीव पक्षी मोजले गेले. त्यातले जवळपास ३१ कोटी ७० लाख परसातले होते, म्हणजे मोठ्या शेडमधले नव्हेत, तुमच्याआमच्या अंगणात चरणारे. आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. हे पक्षी बहुतेक घरांत बाईच्या हातातला पैसा असतात. शाळेची वही, एसटीचं तिकीट, दवाखान्याची फी त्यातून निघते. अकरा कोंबड्या गेल्या की तो पैसा वर्षभरासाठी जातो.

त्या सकाळनंतर मी याबद्दल बरंच वाचलं, गावातल्या जाणत्यांना विचारलं आणि खुराडं नव्याने बांधलं. त्यातून जे कळलं ते इथे सांगतो.

खायच्याच नव्हत्या तर मारल्या कशाला?

हा पहिला प्रश्न, आणि सगळ्यांत जास्त राग याचाच येतो. भुकेने एक नेली असती तर समजलं असतं. दहा मारून टाकून जायचं म्हणजे निव्वळ क्रूरपणा, असं वाटतं.

घरातल्या विजेच्या बोर्डाचा विचार करा. पंख्याचं बटण वेगळं, दिव्याचं वेगळं. पंखा बंद केला म्हणून दिवा विझत नाही. शिकारी प्राण्याच्या मेंदूतही सावज शोधणं, दबा धरणं, झडप घालणं, चावा घेणं आणि खाणं यांची बटणं वेगवेगळी असतात. पोट भरलं की खाण्याचं बटण बंद होतं, नवं सावज शोधत हिंडण्याचंही बंद होतं. झडपेचं मात्र चालूच राहतं. डोळ्यांसमोर काही फडफडलं की ते दाबलं जातं. दूधभात खाऊन तृप्त झालेलं घरचं मांजर दोरीच्या टोकावर झेप घेतं, ते याच कारणाने.

रानात यातून फारसं काही बिघडत नाही. एक पक्षी पकडला की बाकीचे उडून जातात, समोर काही उरत नाही, प्राणी मिळालेलं खातो. खुराड्यात उडून जायला जागाच नसते. पहिली कोंबडी मरताना ओरडते, बाकीच्या घाबरून फडफडतात, आणि प्रत्येक फडफड ते बटण पुन्हा दाबते. शेवटची निपचित पडेपर्यंत हे चालतं.

याला अतिरिक्त शिकार म्हणतात. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत एका काळोख्या वादळी रात्री तरसांनी ८२ हरणं मारली होती आणि त्यातली मोजकीच खाल्ली होती. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जमिनीवर झोपणाऱ्या कुरव पक्ष्यांचे असेच ढीग कोल्ह्यांच्या जातभाईंनी घातले होते, तेही काळोख्या रात्री. दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. सावजाला अंधारात दिसत नव्हतं, म्हणून ते पळालं नाही.

आता आपल्या कोंबडीकडे बघा. तिचे डोळे दिवसासाठी बनलेले आहेत. उजेडात तिला रंग आपल्यापेक्षा बारकाईने दिसतात, पण तिन्हीसांजेनंतर ती जवळपास आंधळी होते. रात्री दांडीवरून कोंबडी अलगद उचलता येते हे कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्याला जितकी सहज उचलता येते, तितकीच सहज रानमांजरालाही. म्हणजे अंधार, बंद जागा आणि न पळणारं सावज या तिन्ही गोष्टी आपणच खुराड्यात एकत्र आणून ठेवतो. मच्छरदाणीला एक भोक असलं की डास आत येतो आणि मग ती मच्छरदाणीच त्याला आपल्याबरोबर कोंडते. फट असलेलं खुराडं नेमकं तसं वागतं. फट राहणार असेल तर खुराडं नसलेलं बरं, इतकं मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती तातडीची आहे. अशा रात्रीनंतरची रात्र सर्वांत धोक्याची. त्या प्राण्याला वाट कळलेली असते आणि मारलेलं तिथेच पडलंय हेही माहीत असतं. वाचलेल्या कोंबड्या त्याच दिवशी घरात घ्या, मेलेल्या खोल पुरा, आणि मगच दुरुस्तीला लागा.

"पण आजीच्या काळी कुठे होत्या जाळ्या?"

हा आक्षेप मला गावात तिघांनी घेतला. बरोबर आहे, नव्हत्या. पण त्या काळी कोंबड्या झोपायच्या कुठे ते आठवा. पडवीत, चुलीच्या कोपऱ्यात, डालग्याखाली, डालग्यावर दगड. घराचं दार बंद, आत सात-आठ माणसं, एखादी म्हातारी रात्रभर अर्धी जागी. खुराडं घरापासून लांब गेलं ते अलीकडे, घरात फरशी आली तेव्हा. वास नको, घाण नको म्हणून आपण कोंबड्या वाड्याच्या टोकाला नेल्या. सोबतीला रात्री घरात दोनच म्हातारी माणसं उरली आणि आजूबाजूच्या बागा साफसफाईविना रान झाल्या. आजीच्या काळची राखण गेली, तिच्या जागी काही आलं नाही. जाळी ही त्या राखणीची भरपाई आहे.

काही जण म्हणतात, गावठी कोंबडी झाडावर चढून झोपते, तिला खुराड्याची गरजच काय? आंब्या-फणसावर झोपणारी कोंबडी कुत्र्या-कोल्ह्यापासून वाचते हे खरं. पण उदमांजर झाडावर आपल्यापेक्षा कैक पटीने चांगलं चढतं. शिवाय खुडुक कोंबडी झाडावर बसून अंडी उबवत नाही, ती जमिनीवरच बसते. पुढच्या वर्षीचा कळप तिच्याच खाली असतो.

गुन्हेगार कोण, हे आधी ठरवा

काकींनी मुंगसाला दोष दिला. मीही मान डोलावली होती. पण मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे. तो सकाळी, दुपारी बांधावरून पळताना दिसतो, रात्री बिळात झोपतो. आमच्या कोंबड्या मध्यरात्री गेल्या. म्हणजे तो मुंगूस नव्हता. कोकणात रात्री खुराड्यावर येणारे प्रमुख पाहुणे म्हणजे रानमांजर, उदमांजर आणि जवादी मांजर. उदमांजर खरं तर फळांवर जगतं, कधी कधी घराच्या माळ्यावरच राहतं. पण कोंबडी सहज मिळाली तर सोडत नाही.

रक्त पिण्याचंही तसंच. यातला एकही प्राणी रक्त पीत नाही. मानेवर चावा बसला की कोंबडी लगेच मरते, हृदय थांबतं, रक्त बाहेर वाहत नाही. जे थोडं येतं ते पिसांत सुकतं. मग सकाळी पांढरी फटक कोंबडी, दोन भोकं आणि जमिनीवर थेंबही नाही, असं चित्र दिसतं आणि आपण त्यावरून कथा रचतो.

गुन्हेगार ओळखणं ही हौस नव्हे. फट कुठे शोधायची ते त्यावर ठरतं. भर दिवसा अंगणातून पिल्लू नाहीसं झालं आणि मागे काहीच उरलं नाही, तर वर बघा, घार किंवा शिक्रा. एका जागी पिसांचं वर्तुळ पडलंय, पिसांचे देठ शाबूत आहेत, तर पक्ष्याने तिथे बसून उपटली. देठ चावून तुटलेले असतील आणि पिसांचे पुंजके लाळेने चिकटलेले असतील, तर चार पायांचा प्राणी. अंडी कवचासकट गायब असतील तर साप किंवा घोरपड, कारण दोघंही अंडं अख्खं गिळतात. कवचाला टोचून भोक पाडलेलं असेल तर कावळा किंवा भारद्वाज. अंगणभर विखुरलेल्या, पाठीवर आणि मांड्यांवर फाडलेल्या, न खाल्लेल्या कोंबड्या दिसल्या तर जंगलाकडे बोट दाखवण्याआधी गावातली मोकाट कुत्री आठवा. मला तर वाटतं, रानमांजराच्या नावावर खपणारे निम्मे खून कुत्र्यांचे असावेत.

आणि जखमच नसेल तर? मान वाकडी, हिरवट पातळ विष्ठा, एकामागून एक मरताहेत, तर तो मानमोडी हा कोंबड्यांचा साथीचा रोग असू शकतो. आजारी कोंबडी मंद होते, मागे राहते, तिला आधी उचललं जातं, आणि आपण जाळ्या बांधत बसतो. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात जायचं. मेलेला पक्षी उघड्या हाताने हाताळायचा नाही.

जाळी: आत ठेवणारी आणि बाहेर ठेवणारी

आमचं खुराडं चिऱ्यांचं होतं, वर पत्रा, पुढे जाळीचं दार. मजबूत दिसायचं. तरी प्राणी आत गेला कुठून? नागमोडी पत्रा सपाट चिऱ्यावर ठेवला की त्याच्या प्रत्येक लाटेखाली एक फट राहते. आईने फटींत कापडाचे बोळे कोंबले होते. एक बोळा खाली पडलेला सापडला.

अशा लवचीक अंगाच्या प्राण्यांबाबत एक ढोबळ नियम धरा. डोकं शिरलं की अंग शिरतं. तुमची तीन बोटं जिथे सहज जातात, ती फट नव्हे, दार आहे.

दुकानात "कोंबड्यांची जाळी द्या" म्हटलं की षटकोनी भोकांची, हलकी, गुंडाळीतली जाळी मिळते. तिला चिकन जाळी म्हणतात आणि या नावाने आजवर बरीच फसगत केली आहे. ही जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे. शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी ती नव्हेच. तार बारीक, नुसती पिळलेली. कुत्रा दातांनी ओढून उसवतो, आणि मोठ्या भोकांतून उंदीर, साप, मुंगसाचं पिल्लू आरामात जातं.

हवी ती वेल्डमेश, म्हणजे चौकोनी भोकांची, प्रत्येक सांध्यावर जोडलेली जाळी. भोक अर्ध्या इंचाचं घ्या. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे हिशेब उलटा असतो, आकडा जितका लहान तितकी तार जाड. १६ किंवा १८ गेज मागा, २२ गेज दिली तर परत करा. अर्धा इंच एवढ्यासाठी की त्यातून मोठा उंदीर जाऊ शकत नाही, आणि कोंबडीला गिळण्याएवढा मोठा सापही नाही.

सापाचं गणित थोडं वेगळं आहे. खुराड्याकडे साप बहुतेक वेळा कोंबडीसाठी येत नाही. सांडलेल्या कणीवर उंदीर येतात, उंदरांमागे धामण आणि नाग येतात, आणि आल्यावर अंडी-पिल्लं मिळाली तर घेतात. संध्याकाळी खाद्याचं भांडं उचलून झाकणाच्या डब्यात ठेवलं, तर साखळीची पहिली कडीच तुटते. डांबराच्या गोळ्या, लसूण, फिनेल यांनी साप थांबत नाही. गोळ्या तर कोंबडीने टोचल्या तर तिलाच विष. आणि नायलॉनची मासे पकडायची जाळी खुराड्याला गुंडाळू नका. साप तीत अडकतो, सुटत नाही, तडफडून मरतो किंवा सोडवणाऱ्याला चावतो. अडकलेला दिसलाच तर सर्पमित्राला बोलवा.

जमिनीखालून येणाऱ्यांसाठी खोल खणायची गरज नाही, हे मला उशिरा कळलं. जाळी भिंतीच्या पायाशी काटकोनात वळवून बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर पसरा, वर माती आणि दगड टाका. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीच्या अगदी कडेला उकरतो. तिथे नख जाळीला लागतं. दीड फूट मागे जाऊन उकरायला सुरुवात करावी, हे त्याच्या डोक्यात येत नाही. घूस असलेल्या जागी मात्र खाली कोबाच करा.

दाराला नुसता आकडा नको, कुत्रा धडका देतो तसा तो उडतो. कडी-कोयंडा घाला आणि त्यात काडी नव्हे, लोखंडी खीळ घाला. आतली दांडी जाळीपासून हातभर लांब ठेवा. कडेला झोपलेल्या कोंबडीचं डोकं किंवा पाय बाहेरून पंजाने ओढला जातो, आणि सकाळी मुंडकं नसलेली कोंबडी बंद खुराड्यात सापडते. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना भुताटकीची शंका येते, पण कारण इतकंच असतं.

दिवसाचं संकट वरून येतं

रात्रीचा बंदोबस्त पक्का झाला तरी पिल्लं दिवसा जातात. पिल्लांचा मोठा शत्रू घार, त्यानंतर शिक्रा आणि कावळे, आणि जमिनीवरून मुंगूस.

कोंबडीची मूळ जात झुडपांच्या कडेची. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या रानात आजही राखी रानकोंबडा दिसतो, आणि दिसतो न दिसतो तोच झुडपात शिरतो. त्याची पाळीव बहीण आपण सारवलेल्या, झाडून लख्ख केलेल्या अंगणात सोडतो, जिथे दहा पावलांत लपायला जागा नसते. घारीला आकाशातून ते ताटात वाढल्यासारखं दिसतं.

खरं तर कोंबड्यांची स्वतःची राखण आहे आणि ती अजब आहे. आकाशातल्या शत्रूसाठी कोंबडा एक बारीक, लांब, शिट्टीसारखा आवाज काढतो. जमिनीवरच्या शत्रूसाठी तुटक, पुन्हा पुन्हा, जोरदार "कॉक-कॉक-कॉक". १९९३ मध्ये संशोधकांनी हे दोन्ही आवाज ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना नुसते ऐकवले, समोर शत्रू नसताना. पहिला आवाज ऐकून कोंबड्या आडोशाला पळाल्या, दबून बसल्या. दुसरा ऐकून मान ताठ करून आजूबाजूला बघू लागल्या. म्हणजे तो नुसता घाबरल्याचा आरडाओरडा नाही, त्यात बातमी आहे. म्हणून कळपात एक जाणता कोंबडा ठेवा. अंड्यांसाठी त्याची गरज नाही असं म्हणून त्याला रविवारी कापू नका.

पण बातमी कळून पळायचं कुठे? तिथे आपलं काम येतं. अंगणाच्या कडेने कर्दळ, अळू, हळद, काहीही दाट आणि बुटकं लावा. जुना पाट, मोडकं बाकडं, चार विटांवर ठेवलेला पत्र्याचा तुकडा, असे आडोसे पंधरा-वीस पावलांच्या अंतराने असू देत. पहिले काही आठवडे पिल्लांना आईसकट डालग्याखाली किंवा वरून झाकलेल्या कुंपणातच चरू द्या. आजी हेच करायची.

सरकारी योजनेतून किंवा हॅचरीतून आणलेल्या पिल्लांचं थोडं वेगळं असतं. वनराजसारख्या सुधारित जाती परसासाठीच घडवल्या आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजला रंगीत पिसं आणि लांब पाय मुद्दाम राखले, म्हणजे पांढऱ्याशुभ्र पक्ष्यासारखी ती दुरून उठून दिसू नये आणि पळता यावं. पण अंगाने जड असल्याने ती गावठीइतकी उडत नाही. शिवाय ही पिल्लं यंत्रात उबवलेली असतात. पदराखाली घेणारी आई नाही, घार म्हणजे काय हे शिकवणारंही कोणी नाही. त्यांना निदान पाच-सहा आठवडे बंदिस्त ठेवल्याशिवाय अंगणात सोडलं, तर त्यातली किती उरतील सांगता येत नाही. योजनेची पिल्लं "टिकत नाहीत" अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. मला वाटतं दोष पिल्लांचा कमी आणि पिल्लांबरोबर ही माहिती न देण्याचा जास्त आहे.

"एकदाच त्याचा बंदोबस्त करून टाकला तर?"

फासा लावावा, विषाची मुटकी ठेवावी, तारेत करंट सोडावा. राग आलेल्या माणसाला हे सुचतं, मलाही त्या सकाळी सुचलं होतं.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली रानमांजर, उदमांजर, मुंगूस, कोल्हा, घार, घोरपड, धामण, अजगर सगळे संरक्षित आहेत. कायद्यातल्या "शिकार" या शब्दात मारणंच नव्हे तर फासा लावणं, विष घालणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. बिबट्या किंवा घोरपडीसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. कोंबडी माझी, परसू माझं, हा बचाव चालत नाही.

तारेतला करंट हा तर माणसं मारण्याचा उद्योग आहे. घरातली वीज सलग वाहते, स्नायू आखडतात, हात तारेला चिकटून राहतो. दरवर्षी शेतकरी आणि त्यांची मुलं स्वतःच्याच कुंपणाला लागून मरतात. बाजारात मिळणारं झटका मशीन वेगळं असतं. त्यात साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्याही बारीक अंशाएवढा झटका येतो. म्हणजे एक चापट बसते, मूठ आवळून धरली जात नाही. तेवढ्या वेळात हात मागे घेता येतो. घ्यायचंच तर प्रमाणित मशीन घ्या, त्याच्या तारेला घरची वीज कधीही जोडू नका.

कायदा बाजूला ठेवला तरी मारण्याचा उपयोग होत नाही. फट तशीच असेल तर एक रानमांजर गेल्यावर त्याच्या मोकळ्या हद्दीत दुसरं येतं. याचं मोठं उदाहरण जुन्नरचं. तिथे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू होण्याआधी, १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेनंतरच्या काळात ते १७ वर गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हे आकडे मांडले. उदमांजर म्हणजे बिबट्या नव्हे, पण हलवल्याने जागा रिकामी राहत नाही हे दोन्हीकडे खरं. आणि मुंगूस नसेल तर उंदीर वाढतात, उंदरांनी खाल्लेल्या कणीचा हिशेब कोणी ठेवत नाही.

कुत्रा, दिवा, रेडिओ

लुकलुकणारे सौर दिवे, वाऱ्यावर चमकणारी फीत, रात्रभर लावलेला रेडिओ यांनी काही रात्री निभावतात. मग प्राण्याला कळतं की यातलं काहीच चावत नाही. बाहेरगावी जाताना आठवडाभरासाठी ठीक, कायमचा उपाय म्हणून नाही.

चांगला कुत्रा रानमांजराला लांब ठेवतो. पण बिबट्याच्या भागात तोच कुत्रा आमंत्रण ठरतो. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यातला वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. तिथे कुत्राही रात्री बंद जागेत हवा.

मेलेल्या कोंबड्या, पिसं, आतडी ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेला फेकायची सवय जुन्नर-शिरूरकडेही आहे आणि आमच्याकडेही. त्यावर मोकाट कुत्री पोसली जातात आणि त्या कुत्र्यांवर बिबट्या. वस्तीजवळ बिबट्या दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. त्याच्या मागे गर्दी करून धावू नका. आणि कोणत्याही रानटी प्राण्याचा, मुंगसाचासुद्धा, दात लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी आरोग्य केंद्रात जा.

खर्च परवडतो का?

वेल्डमेश महाग आहे, हे खरं. पण आमच्या बाजारात गावठी कोंबडी ४००-५०० रुपयांना जाते. अकरा गेल्या म्हणजे पाच हजार गेले, पुढची अंडी आणि पिल्लं वेगळी. आमच्या नव्या खुराड्याची जाळी त्याहून स्वस्तात झाली, कारण अंगण सगळं झाकलं नाही, फक्त झोपायची जागा झाकली. पैसे कमी असतील तर पहिला खर्च त्या झोपायच्या पेटीवर करा, अगदी दोन बाय तीन फुटांची असली तरी. अंगणातले आडोसे फुकटात होतात.

जाळीपेक्षाही जास्त कोंबड्या एका गोष्टीने वाचतात, आणि तिला पैसे लागत नाहीत. अंधार पडायच्या आत मोजून कोंडणं. कोंबड्या सूर्य मावळता मावळता आपणहून आत जातात. दार बंद करायला आपल्यालाच टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत वेळ लागतो, आणि रानमांजर नेमकं त्याच अर्ध्या-पाऊण तासात बाहेर पडतं. आई आता दिवेलागणीला आधी खुराड्याशी जाते, बोटांवर मोजते, खीळ घालते आणि मग देवापुढे दिवा लावते.

या मे महिन्यात आम्ही जाळीचा जमिनीलगतचा काठ बदलला. ओल्या मातीत तारेला गंज तिथेच आधी धरतो, वरून जाळी नव्यासारखी दिसते आणि खाली बोटाने दाबली तरी तुटते. तुमच्याकडे खुराडं असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत तेवढं एकदा वाकून बघा.